सरळ म्हणजे किती सरळ? लेथचा बेड, तीन प्लेटा आणि एक उघडा वेबकॅम

आजचा भाग जरा लोखंडी आहे, पण सुरुवात कंपासपेटीपासून करू.

तुमच्याकडे एक पट्टी आहे. ती सरळ आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? दुसऱ्या पट्टीला लावून बघितलं म्हणून. बरं, मग ती दुसरी सरळ आहे हे कशावरून? तिसरीला लावून. असं मागे मागे जात राहिलं तर कुठेतरी एक पहिली पट्टी असलीच पाहिजे. ती कुणी केली? आणि तिच्याआधी सरळ असं काही नव्हतंच, तर ती सरळ झालीय हे त्या माणसाला कळलं कसं?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण तो आहे वर्कशॉपचा. आणि त्याचं उत्तर शोधता शोधता आपण आज इंग्लंडमधल्या एका कारखान्यातून बर्लिनला, तिथून अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत आणि शेवटी लेन्स काढून टाकलेल्या एका जुन्या वेबकॅमपर्यंत जाणार आहोत.

आधी लेथ म्हणजे काय ते दोन मिनिटांत. आयटीआयवाल्यांनी एवढा भाग फास्ट फॉरवर्ड केला तरी चालेल. लेथवर जॉब फिरतो आणि टूल सरकतं. जॉब चकमध्ये पकडलेला असतो. टूल ज्याच्यावर बसतं ते सॅडल एका लांब, जड ओतीव पायावरून डावी-उजवीकडे जातं. हा पाया म्हणजे बेड. तो बहुतेक वेळा कास्ट आयर्नचा, म्हणजे आपल्याकडच्या शब्दात बीडाचा असतो. बेड बीडाचा, हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

आता मुद्दा असा की टूलला स्वतःची अक्कल नसते. बेड जसा नेईल तसं ते जातं. बेड सरळ असेल तर रॉड एका जाडीचा निघतो. बेडमध्ये जो दोष असेल तो रॉडवर उमटतो. आणि बेड झिजतो. सगळीकडे सारखा झिजला असता तर फारसं बिघडलं नसतं, पण रोजची कामं बहुतेक आखूड असतात. त्यामुळे सॅडलच्या येरझाऱ्या चकच्या जवळच्या हातभर पट्ट्यात होतात. कूलंट, बुरा, बीडाची बारीक पूड हे सगळंही तिथंच पडतं. पाच-दहा वर्षांनी तिथे खळगा पडतो आणि टेलस्टॉककडचं टोक जवळजवळ नव्यासारखं राहतं.

हा खळगा डोळ्याला दिसत नाही, आणि खरं दुखणं इथेच आहे. सेकंडहँड लेथ बघायला गेलात तर मशीनला ताजा हिरवा किंवा करडा रंग मारलेला असतो, बेड तेल लावून चकचकीत पुसलेला असतो आणि विकणारा सांगतो, "साहेब, एकदम कंडिशनमध्ये आहे." घेणाऱ्याने यावर काय म्हणायचं? एखाद्या लहान वर्कशॉपवाल्यासाठी हा काही लाखांचा, म्हणजे बहुतेक वेळा कर्जाचा निर्णय असतो. पुढचा सगळा इतिहास मी याच माणसाच्या बाजूने सांगणार आहे.

तीन प्लेटांची युक्ती

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन. हेन्री मॉड्सली नावाचा माणूस यंत्रं बनवणारी यंत्रं बनवत होता. १८०० च्या आसपास त्याने केलेला स्क्रू कापायचा लेथ प्रसिद्ध आहे. पण मला त्याची दुसरी एक वस्तू जास्त आवडते. त्याने टेबलावर ठेवायचं एक मायक्रोमीटर बनवलं होतं आणि त्याचं नाव पडलं होतं 'लॉर्ड चॅन्सेलर'. लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेतलं सर्वोच्च पद. कारखान्यात मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल या मायक्रोमीटरचा, त्यावर अपील नाही. मोजमाप म्हणजे कोर्ट, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

मॉड्सलीच्या कारखान्यात सपाट प्लेटांचा वापर व्हायचा. १८२५ च्या सुमारास तिथे जोसेफ व्हिटवर्थ हा तरुण कामाला आला. हाच पुढे स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारा व्हिटवर्थ. त्या काळी सपाट पृष्ठभाग करायची रीत अशी होती: छिन्नी आणि कानसने जमेल तेवढं सपाट करा, मग दोन तुकड्यांमध्ये एमरीची पूड घालून ते एकमेकांवर घासा. ही रीत मुळातच चुकीची आहे, असं व्हिटवर्थचं म्हणणं होतं. पूड सगळीकडे सारखी पसरत नाही आणि कुठे किती घासलं जातंय यावर कारागिराचा ताबा राहत नाही. १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या बैठकीत त्याने यावर निबंध वाचला आणि घासण्याऐवजी स्क्रेपरने खरवडायची पद्धत मांडली. एका प्लेटला तेलात कालवलेला रंग लावायचा, दुसरी तिच्यावर टेकवायची, जिथे रंग लागला ते उंचवटे, तेवढेच हाताने खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा टेकवा, पुन्हा खरवडा. आपल्याकडचे जुने फिटर आजही 'ब्ल्यू लावून बघ' म्हणतात ते हेच.

पण अजून आपला मूळ प्रश्न सुटलेला नाही. दोन प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या म्हणजे त्या सपाट झाल्या का? नाही! स्वयंपाकघरात एकावर एक ठेवलेल्या दोन पराती बघा. कशा चपखल बसतात, पण सपाट कुणाला म्हणाल? एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असेल तरी जोडी जुळते.

म्हणून तीन प्लेटा लागतात. त्यांना अ, ब आणि क म्हणू. समजा अ थोडी फुगीर आहे. तिच्यावर बसवलेली ब मग खोलगट होणार. ब वर बसवलेली क पुन्हा फुगीर होणार. आता अ आणि क समोरासमोर आणा. दोन्ही फुगीर! मध्येच टेकतात आणि डुलतात. चोरी पकडली गेली. आता तो उंचवटा दोघींत अर्धा अर्धा वाटून खरवडा आणि परत ब कडे जा. तिन्ही जोड्या एकमेकींवर सगळीकडे टेकू लागल्या की फुगीर किंवा खोलगट राहायला कुणालाच जागा उरत नाही. त्यातही एक पळवाट आहे. प्लेटा तळलेल्या पापडासारख्या पीळ पडलेल्या असल्या तर त्या तिघीही एकमेकींवर गुपचूप बसू शकतात. त्यावर उपाय म्हणजे मधूनमधून एक प्लेट काटकोनात फिरवून टेकवायची. पीळ असेल तर लगेच दिसतो.

कुठून काय आलं बघा. तीनही प्लेटा सुरुवातीला वाकड्या. बाहेरून कुठलीही सरळ वस्तू आणलेली नाही. तरी शेवटी हातात तीन सपाट प्लेटा आहेत. आपल्याकडे स्वयंभू गणपती असतात ना, तशी ही स्वयंभू सरळता. कुणी घडवणारा मूळ नमुना नाही, फक्त एकमेकींच्या चुका उघड्या पाडायची शिस्त आहे. मी कोड लिहिणारा माणूस आहे, आणि मला खरंच वाटतं की हा अल्गोरिदम जगातल्या सर्वात सुंदर अल्गोरिदमपैकी एक आहे. त्याला वीज लागत नाही, फक्त मनगट दुखतं.

या सपाट प्लेटांवरून मग सरळ पट्ट्या झाल्या, पट्ट्यांवरून लेथचे बेड झाले, त्या लेथांवर पुढची यंत्रं झाली. व्हिटवर्थने १८५६ पर्यंत इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवणारं यंत्र लोकांसमोर ठेवलं. पण ते सगळं त्याच्या कारखान्यात. बाहेरच्या गिऱ्हाइकाने मशीन घेताना काय तपासायचं, याचं उत्तर तोपर्यंत एकच होतं: कंपनीच्या नावावर विश्वास ठेवायचा.

गिऱ्हाइकाच्या हातातला कागद

हे बदलणारा माणूस म्हणजे गेऑर्ग श्लेसिंगर. १८७४ साली बर्लिनमध्ये जन्मलेला. लुडविग लोएवे या मशीन टूल कंपनीत तयार झाला आणि १९०४ साली बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग इथल्या तंत्रविद्यापीठात मशीन टूल्सचा प्राध्यापक झाला. पहिल्या महायुद्धात हात गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम हात तपासण्याचं कामही त्याने केलं. म्हणजे यंत्र शेवटी माणसाच्या हातात कसं पडतं, याची त्याला जाण होती.

१९२७ साली त्याचं मशीन टूल तपासणीचं पुस्तक आलं. पुस्तक म्हणजे खरं तर तक्त्यांचा संच. लेथसाठी कुठल्या चाचण्या घ्यायच्या, कुठलं साधन कुठे टेकवायचं आणि किती चूक चालेल, हे सगळं आकड्यांत. उदाहरणार्थ, बेडच्या सरळपणात दर मीटरला ०.०२ मिलिमीटर. म्हणजे २० मायक्रॉन, आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या साधारण चौथा हिस्सा.

त्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. नव्या बेडमध्ये ही चूक फक्त एका दिशेने चालते. बेड मध्ये किंचित वर उचललेला असेल तर पास, खोलगट असेल तर नापास. कारण उघड आहे. झिजून तो खाली जाणारच आहे, मग सुरुवात थोडी वरून करू, म्हणजे जास्त वर्षं तो मर्यादेत राहील. नव्या कोऱ्या यंत्राच्या कागदावर त्याच्या म्हातारपणाची सोय करून ठेवलेली!

या कागदाने काय बदललं? विकणारा आणि घेणारा एकाच टेबलावर, एकच तक्ता समोर ठेवून बोलू लागले. 'चांगलं मशीन' हा शब्द संपला आणि 'इथे ०.०१५ येतंय, मर्यादा ०.०२ आहे' हे वाक्य आलं. लॉर्ड चॅन्सेलर कारखान्याच्या आतून बाहेर, बाजारात आला म्हणा ना.

श्लेसिंगरच्या वाट्याला मात्र काय आलं? तो ज्यू होता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर त्याला अटक झाली, प्राध्यापकपद गेलं, आणि १९३४ साली त्याने जर्मनी सोडली. आधी स्वित्झर्लंड, मग बेल्जियम, मग इंग्लंड. तिथे त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्पादन संशोधनाचं काम केलं आणि १९४९ साली तिथेच वारला. माणूस हाकलला गेला, तक्ते राहिले. आज आयएसओ २३० नावाच्या प्रमाणांत ज्या भूमितीय चाचण्या आहेत, त्यांची वंशावळ मागे नेली तर ती याच तक्त्यांना जाऊन भिडते. आपल्याकडे मेकॅनिकलच्या मुलांना 'अलाइनमेंट टेस्ट' म्हणून जे पाठ करावं लागतं, तेही त्याच घराण्यातलं.

आता प्रश्न साधनांचा. बेड दोन-तीन मीटर लांब असेल तर तेवढी लांब सरळ पट्टी आणायची कुठून? आणि आणली तरी तिच्या स्वतःच्या वजनाने ती वाकते. मग तार ताणायची पद्धत आली. बारीक पोलादी तार बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची, सॅडलवर सूक्ष्मदर्शक बसवायचा आणि सॅडल सरकवत तार किती डावी-उजवीकडे गेल्यासारखी दिसते ते वाचायचं. आडव्या दिशेला हे उत्तम चालतं. उभ्या दिशेला मात्र तारेला झोळ पडतो. मी गणित करून पाहिलं: २ मीटर पोलादी तार अगदी कसून, दर चौरस मिलिमीटरला १००० न्यूटन ताणली तरी मधोमध सुमारे ३८ मायक्रॉन झोळ राहतो. तार जाड घ्या नाहीतर बारीक, ताण त्या प्रमाणात असला की झोळ तेवढाच. जिथे दर मीटरला २० मायक्रॉन शोधायचेत तिथे मोजपट्टीच ३८ ने वाकलेली. हिशोबातून वजा करता येतो, पण मनाला पटत नाही.

झोळ न पडणारी तार हवी असेल तर ती एकच: प्रकाश.

१६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. त्याच वर्षाअखेर बेल लॅब्समध्ये अली जवान आणि सहकाऱ्यांनी हीलियम-निऑन वायूचा सलग चालणारा लेझर केला. तो डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा होता. १९६२ मध्ये त्याचा लाल दिसणारा अवतार आला आणि मोजमापवाल्यांना हवी ती तार मिळाली.

प्रकाश सरळ जातो, असं आपण शाळेत शिकतो. हवेत तो तसा जात नाही. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाण्याचा भास होतो तो याचमुळे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डजवळ तीन किलोमीटर लांबीचा कणत्वरक उभा राहिला, १९६६ साली तो सुरू झाला. तो सरळ रेषेत ठेवायला लेझर वापरला, पण त्या लेझरसाठी अख्खी लांबी हवा काढून टाकलेल्या नळीतून नेली. एवढ्या अंतरावर हवेवर भरवसा ठेवणं शक्यच नव्हतं. आपल्या लेथचं काय? मीटरभर उंचीत १ अंशाचा फरक धरला तर २ मीटर अंतरावर किरण साधारण २ मायक्रॉन वाकतो, आणि १० मीटरवर ५०. अंतर पाचपट, चूक पंचवीसपट. म्हणजे वर्कशॉपमधल्या साध्या लेथपुरता नशीब आपल्या बाजूने आहे. पंखा तेवढा बंद करा.

दुसरा अर्धा भाग म्हणजे डोळा. किरण कुठे पडलाय हे मायक्रॉनमध्ये सांगायला सुरुवातीला चार कप्प्यांचे प्रकाशसेन्सर असायचे. ठिपका मधोमध असेल तर चारही कप्प्यांत सारखा प्रवाह, सरकला की कमी-जास्त. हे चांगले चालतात, पण अशा तयार यंत्रणा मोठ्या कारखान्यांना परवडणाऱ्या होत्या. १९६९ मध्ये पुन्हा बेल लॅब्सच, विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना काढली. गंमत म्हणजे ते शोधत होते नव्या प्रकारची मेमरी! निघाला कॅमेऱ्याचा डोळा, आणि २००९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. नंतर १९९० च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या गटाने अंतराळयानांसाठी लहान, कमी वीज खाणारा सीमॉस सेन्सर विकसित केला. त्याचे वंशज आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. वेबकॅममध्येही तेच.

वेबकॅमची लेन्स काढून टाका

आता जोडणी बघा. वेबकॅमची लेन्स फिरवून काढली की आत नखापेक्षाही लहान सेन्सर उघडा पडतो. त्यावर लेझरचा ठिपका थेट पाडायचा. एक पिक्सेल साधारण ३ मायक्रॉनचा असतो. ठिपका शेकडो पिक्सेलवर पसरतो, पण त्यामुळे नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो. प्रत्येक पिक्सेलवर किती उजेड पडलाय ते वजन समजायचं आणि सगळ्यांचा भारित मध्य काढायचा. शाळेत गुरुत्वमध्य काढायचो तसा. असे शंभर फोटो घेऊन सरासरी काढली की पिक्सेलच्या अंशापर्यंत जागा सांगता येते. ताऱ्यांची जागा मोजणारेही असंच करतात. कोड म्हणाल तर पायथनच्या वीसेक ओळी. अवघड आहे ते कोडच्या बाहेर.

सगळ्यात मोठा प्रश्न: सेन्सर ठेवायचा कुठे? बरेच जण तो बेडवर ठेवतात आणि ठिपका किती खाली गेला ते बघून घाबरतात. थोडा हिशोब करू. ५० मिलिमीटरचा रॉड आहे, टूल समोरून केंद्राच्या उंचीवर टेकलंय. झिजेमुळे टूल ०.१ मिलिमीटर सरळ खाली गेलं, तर रॉडचा व्यास बदलतो फक्त ०.४ मायक्रॉन. विसरून जा! पण तेच टूल ०.१ मिलिमीटर आडवं, रॉडपासून लांब सरकलं तर व्यास ०.२ मिलिमीटरने, म्हणजे २०० मायक्रॉनने वाढतो. पाचशे पट फरक.

मग खळग्याची भीती कशाला? कारण तो दोन्ही बाजूंना सारखा नसतो. पुढची पट्टी जास्त झिजते. समजा पुढची ०.१ मिलिमीटरने खाली गेली, मागची जागेवर आहे, दोन्हीत ३०० मिलिमीटर अंतर आहे आणि टूलचं टोक बेडपासून २०० मिलिमीटर उंच आहे. सॅडल पुढे झुकतं, टूलचं टोक ०.०६७ मिलिमीटर बाहेर येतं आणि व्यास सुमारे ०.१३ मिलिमीटरने वाढतो. ५० मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंग बसवायला सहाव्या दर्जाच्या फिटमध्ये मोकळीक असते १६ मायक्रॉन. इथे १३० ची चूक आहे. तो जॉब परत येणार आणि पैसे वर्कशॉपवाल्याचे जाणार.

म्हणून सेन्सर टूलपोस्टवर, टूलच्या टोकाच्या जागी, त्याच उंचीला बसवायचा आणि आडवा आकडा वाचायचा. खड्डा, झुकणं, जे काही असेल ते सगळं मिळून त्या एका आकड्यात येतं, आणि तो आकडा म्हणजे जॉबला जे भोगावं लागेल तेच. आता खळगा कुठल्या पट्टीत हे शोधायला वेगळी, चांगल्या दर्जाची स्पिरिट लेव्हल सॅडलवर आडवी ठेवून बघा.

लेझर ठेवायचा कुठे? चकमध्ये. पण स्वस्तातला लेझर पॉइंटर कधीच नाकासमोर प्रकाश टाकत नाही, थोडा तिरकाच टाकतो. मग काय करायचं, महागडा आणायचा? अजिबात नाही. चक हाताने अर्धा फेरा फिरवा. ठिपका एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाईल. दोन जागांचा मध्य काढा, तो स्पिंडलच्या अक्षावर आला. पॉइंटर किती वाकडा आहे याने आता काही फरक पडत नाही. आठवतंय का कुठे ऐकलं हे? अ आणि क प्लेट समोरासमोर आणून चोरी पकडली होती, हा तोच डाव आहे. वाकडं साधन उलटं करायचं, म्हणजे त्याची चूक स्वतःहून वेगळी पडते. स्पिरिट लेव्हलही अशीच तपासतात, टोकाला टोक बदलून ठेवतात. व्हिटवर्थ आज असता तर त्याला लेझर शिकवायला पाच मिनिटं लागली असती, ही युक्ती शिकवायला शून्य.

बाकीची पथ्यं थोडक्यात सांगतो. पॉइंटर सुरू करून तासभर तापू द्या, थंड असताना ठिपका भटकतो. उजेड एवढा कमी करा की सेन्सर पांढराफटक होणार नाही, नाहीतर भारित मध्याला अर्थच उरत नाही. लेझर सुरू असताना त्याच्या रेषेत डोळा आणू नका, आणि चकमध्ये लेझर असताना मशीनचा मेन स्विच बंद ठेवा. चक हातानेच फिरवायचा आहे. सॅडल चककडून टेलस्टॉककडे नेताना आकडे घ्या आणि परत येताना पुन्हा घ्या. जाताना आणि येतानाचे आलेख एकमेकांवर पडले नाहीत तर तुम्ही बेड मोजत नाही आहात, पॉइंटरचं भटकणं मोजताय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सेन्सर आणि टूलपोस्ट यांच्यात मुद्दाम ०.०५ मिलिमीटरची फीलर गेजची पात सरकवा. आलेख ५० मायक्रॉनने उडाला पाहिजे. ४० ने उडाला तर तुमचा पिक्सेलचा हिशोब चुकलाय. ही चाचणी न करता काढलेल्या आलेखावर मी तरी विश्वास ठेवणार नाही, स्क्रीनवर तो कितीही देखणा दिसला तरी.

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तिथे नांगर आणि शेतीची अवजारं झाली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिथून लेथ निघू लागले. १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी आली. या कारखान्यांतले, आणि बटाला-राजकोटकडचे साधे लेथ आजही कोल्हापूरच्या उद्यमनगरात, इचलकरंजीत, भोसरीत कामाला आहेत. सीएनसी आलं म्हणून ते गेले नाहीत. एखादा पंपाचा शाफ्ट, एखादी बुशिंग, ट्रॅक्टरचा एखादा भाग करायला अजून तेच लागतात. त्यातले काही भंगारात घालण्याजोगे झालेत, काही नाहीत, आणि बाहेरून बघून ते सांगता येत नाही.

मग आलेख हातात आल्यावर काय करायचं? खळगा चकच्या जवळ २०० मिलिमीटरपुरताच असेल आणि तुमची कामं लांब शाफ्टची असतील तर किंमत पाडून मशीन घ्या. तिथे लहान जॉब घेताना व्यास दोन ठिकाणी मोजून दुरुस्ती करता येते. खळगा मोठा असेल पण बेड कडक केलेला नसेल, तर तो ग्राइंडिंग करून, मग खरवडून पुन्हा सरळ होतो. कडक केलेल्या बेडला फक्त ग्राइंडिंग. तो खर्च सौद्यातून वजा करून मगच आकडा बोला. आणि काहीही असो, घेण्याआधी एक रॉड लावून शेवटचा बारीक कट मारा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. आलेख आणि मायक्रोमीटर एकच गोष्ट सांगत असतील तर विकणाऱ्याच्या 'एकदम कंडिशन'ला उत्तर तुमच्याकडे तयार आहे.

जाता जाता, तुम्ही विचारणार हे माहीत आहे: फोनने जमेल का? फोनची लेन्स काढता येत नाही, काढायचा प्रयत्नही करू नका. पण टूलपोस्टवर ट्रेसिंग पेपरचा छोटा पडदा लावा, त्याच्या मागे फोन असा घट्ट बांधा की पडद्याच्या तुलनेत तो हलणार नाही, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि पडद्यावर स्केलचा अर्धा सेंटिमीटर काढून ठेवा. कागदाच्या दाण्यांमुळे ठिपका खडबडीत दिसतो, उघड्या सेन्सरइतकं बारीक काही मिळणार नाही. पण १३० मायक्रॉनचा झोल असेल तर तो लपणार नाही.